एक्स पार्टे ते हेबिअस कॉर्पस: कोर्टाचे शब्द समोर आले की काय करायचं

बातम्यांत रोज एक तरी वाक्य असं असतंच. 'हायकोर्टानं सुओ मोटो दखल घेतली', 'हेबिअस कॉर्पस याचिका दाखल', 'ज्येष्ठ वकिलांची अमायकस म्हणून नेमणूक'. ऐकणारा अंदाजानं पुढे जातो आणि बातमीपुरतं ते भागतंही. पण तेच शब्द एक दिवस बेलीफाच्या हातातल्या कागदावरून घरात येतात, तेव्हा अंदाज पुरत नाही. गावोगावी लोक इथेच फसतात. शब्दाचा अर्थ कुणीतरी सांगतं, पण तो शब्द आदेशात आल्यावर आपल्यावर काय बंधन आलं आणि दिवस कधीपासून मोजायचे, हे कुणी सांगत नाही. म्हणून इथे अर्थ थोडक्यात आणि परिणाम सविस्तर असं मांडतो.

हे शब्द आपल्याकडे आले कसे

आपल्या कोर्टाच्या भाषेत थरावर थर आहेत. वकील, फिर्याद, दावा, जामीन, मुद्देमाल हे फारसी-अरबी वळणाचे शब्द इतके मुरलेत की ते परके वाटतच नाहीत. वरचा थर इंग्रजांचा. मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झालं, तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयांची कार्यपद्धती इथे आली आणि तिच्याबरोबर तिथली लॅटिनही. खुद्द इंग्लंडमध्ये न्यायालयाचे कागद लॅटिनमध्ये लिहिण्याची पद्धत कायद्यानं १७३३ पासून बंद झाली होती. तरी वकिलांच्या तोंडचे ठरावीक शब्द टिकले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, कायद्यांची नावं बदलली. हे शब्द मात्र हलले नाहीत, कारण त्यातले बरेचसे कायद्याच्या पुस्तकापेक्षा न्यायाधीशांच्या निकालांतून चालत आलेले आहेत. निकालांची परंपरा नवा कायदा आला म्हणून तुटत नाही.

जमिनीच्या दाव्यात भेटणारी लॅटिन

महाराष्ट्रात सामान्य माणूस कोर्टाची पायरी बहुतेक वेळा जमिनीपायी चढतो, म्हणून सुरुवात तिथूनच. समजा, वडिलोपार्जित दोन एकरांवर दोन भावांचा वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. विहीर धाकट्याच्या वहिवाटीत, बांधावरचे आंबे थोरल्याच्या. तेवढ्यात धाकटा गिऱ्हाईक बघायला लागतो.

थोरला मनाई हुकुमाचा अर्ज देतो. कोर्ट तीन गोष्टी पाहतं. पहिली, 'प्रायमा फेसी', म्हणजे प्रथमदर्शनी, केसमध्ये दम आहे का. दुसरी, मनाई दिली किंवा नाकारली तर कुणाची गैरसोय जास्त. तिसरी, पैशानं भरून न येणारं नुकसान होणार का. यात पहिल्या शब्दावरून मोठा गैरसमज होतो. 'कोर्टाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं' असं आदेशात आलं की एका घरात पेढे वाटतात आणि दुसऱ्या घरात चूल पेटत नाही. प्रत्यक्षात तोवर एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसते. कागद वरवर पाहून बनलेलं ते तात्पुरतं मत आहे आणि पुराव्यानंतर ते उलटू शकतं.

घाई फार असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीच 'अ‍ॅड इंटेरिम' म्हणजे तूर्तातूर्त मनाई मिळू शकते. किंवा कोर्ट 'स्टेटस को' ठेवायला सांगतं, तेच आपलं 'जैसे थे'. हा आदेश दिसतो सोपा आणि भांडणं लावतो सगळ्यात जास्त. 'जैसे थे' म्हणजे कोणत्या दिवशी जसं होतं तसं? ताबा कुणाचा धरायचा? आदेशात ते लिहिलेलं नसेल तर दोन्ही भाऊ तोच कागद घेऊन पोलीस ठाण्यात जातात आणि दोघेही म्हणतात, 'ताबा माझा, साहेब.' म्हणून 'जैसे थे' मिळत असेल, तर आज ताबा कोणाचा आणि नेमकं काय करायचं नाही (विक्री, बांधकाम, झाडतोड), हे आदेशातच नमूद करून घेण्याचा आग्रह वकिलांकडे धरा. असा मनाई हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

समोरचा आपल्याला न ऐकवता परस्पर आदेश घेईल अशी भीती असेल, तर त्याच्या आधी 'कॅव्हेट' दाखल करता येतं. याची तरतूद त्याच संहितेच्या कलम १४८ अ मध्ये आहे. अर्थ इतकाच की, या विषयात कुणी अर्ज आणला तर मला नोटीस दिल्याशिवाय आदेश करू नका. कॅव्हेट म्हणजे स्टे, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. त्यानं काहीही थांबत नाही, फक्त तुमचं ऐकलं जाण्याची सोय होते. ते ९० दिवस चालतं आणि धोका टळला नसेल तर पुन्हा दाखल करावं लागतं. एक्याण्णवाव्या दिवशी आदेश होऊन बसल्यावर जुन्या कॅव्हेटची पावती दाखवून उपयोग नाही.

आता धाकट्यानं दावा चालू असतानाच जमीन विकली तर? इथे येतं 'लिस पेंडन्स'. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५२ चं हे तत्त्व: दावा प्रलंबित असताना ती मिळकत घेणाऱ्यावर दाव्याचा निकाल बंधनकारक राहतो. खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, पण निकाल विरुद्ध गेला तर घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटता येत नाही.

आपल्या राज्यात याला एक महत्त्वाची पुरवणी आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १९३९ च्या मुंबई प्रांताच्या दुरुस्तीमुळे महाराष्ट्रात (आणि गुजरातेत) दाव्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेली असेल तरच या कलमाचं संरक्षण मिळतं. म्हणजे थोरल्यानं फक्त दावा लावला आणि नोटीस नोंदवलीच नाही, तर हे कलम त्याच्या मदतीला येत नाही. दावा लावणाऱ्यानं वकिलांना पहिल्या आठवड्यातच विचारावं, 'लिस पेंडन्स नोंदवायची का?' आणि जमीन घेणाऱ्यानं नुसत्या सातबाऱ्यावर न जाता निबंधकाकडच्या नोंदींचा शोध अहवाल काढावा. सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना कोरा आहे म्हणून दावा नाही, असं होत नाही.

शेवटी निकाल लागतो. त्यानंतर त्याच दोघांत, त्याच मुद्द्यावर पुन्हा दावा करता येत नाही, त्याला 'रेस ज्युडिकाटा' म्हणतात. अपील करता येतं, तो वेगळा रस्ता.

एक्स पार्टे: हातपाय गाळू नका, दिवस मोजा

एक्स पार्टे म्हणजे एकतर्फी. समन्स आलं, ते कुणी घेतलं नाही, किंवा घेऊन कपाटात ठेवलं, आणि तारखेला कुणी हजरच झालं नाही, तर कोर्ट दुसऱ्या बाजूला ऐकून निकाल देतं. 'नोटीस घेतलीच नाही तर केस चालणार कशी?' हा समज अजून गावात घट्ट आहे, आणि त्यानं किती घरांचं नुकसान केलं असेल याची कल्पना करवत नाही. नोटीस घ्यायला नकार दिला, असा शेरा पडला की ती मिळाली असंच धरतात. दार बंद असेल तर दारावर डकवूनही बजावता येते.

पण एकतर्फी निकाल म्हणजे सगळं संपलं असंही नाही. दाव्यात अजून निकाल झालेला नसेल आणि फक्त एकतर्फी चालवण्याचा आदेश असेल, तर गैरहजेरीचं सबळ कारण देऊन पुन्हा सामील होता येतं. हुकूमनामा, म्हणजे निकालाचा अंतिम आदेश, झालेला असेल तर तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो, त्याची मुदत ३० दिवस. हे दिवस निकालाच्या तारखेपासून धरतात. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर निकाल कळला त्या दिवसापासून. म्हणून निकाल कसा आणि कधी कळला याचा पुरावा जपून ठेवा: जप्तीची नोटीस, तलाठ्याकडून आलेला फेरफाराचा कागद, त्यावरची तारीख. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण मग प्रत्येक दिवसाचं उत्तर द्यायची तयारी ठेवावी लागते.

'कोर्टानं झापलं' म्हणजे निकाल लागला का?

नाही. आणि आजच्या बातम्या वाचताना हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निकालपत्रातला जो तर्क त्या निकालासाठी आवश्यक होता, त्याला 'रेशो डेसिडेंडाय' म्हणतात. सुप्रीम कोर्टाचा असा तर्क संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. ओघात केलेल्या टिप्पणीला 'ओबिटर डिक्टा' म्हणतात. तिला मान असतो, पण तशी सक्ती नसते. डॉक्टर तपासताना बरंच बोलतात, पण औषधाच्या दुकानात चालते ती चिठ्ठी.

सुनावणीत न्यायमूर्तींनी तोंडी विचारलेले प्रश्न तर ओबिटरही नव्हेत. ते वकिलाला पारखण्यासाठी असतात, आणि ज्या बाजूवर प्रश्नांचा भडिमार होतो ती बाजू शेवटी जिंकूही शकते. त्या दुपारच्या शीर्षकावरून मत बनवण्याआधी लेखी आदेशात शेवटच्या परिच्छेदात काय आहे ते पाहावं. याचिका मंजूर की नामंजूर, स्टे कशाला, किती दिवस, ते तिथेच असतं. 'सायने डाय' तहकूब असं दिसलं तर पुढची तारीख दिलेली नाही एवढंच समजायचं. प्रकरण निकाली निघालेलं नसतं.

दुसरी बाजू ऐकून घ्या: मुंबईचा फूटपाथ

'ऑडी आल्टरम पार्टेम', दुसऱ्या बाजूचं ऐका, हे तत्त्व मुंबईइतकं जवळून क्वचितच कुठे तपासलं गेलं असेल. १९८१ च्या पावसाळ्यात राज्य सरकारनं फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचं ठरवलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिका सुप्रीम कोर्टात गेल्या. महापालिका कायद्याच्या कलम ३१४ नं आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढायचा अधिकार दिला होता. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १९८५ साली सांगितलं की, उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, आणि कायदा नोटीस न देण्याची मुभा देत असला तरी ऐकून घेणं हाच नियम, न ऐकणं हा अपवाद.

या निकालानं झोपड्या वाचल्या असं मात्र नाही. कलम वैध ठरलं आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, तेवढी मुदत मिळाली. तरीही पाणी तोडण्यापासून नोकरीवरून काढण्यापर्यंत, सरकारी अधिकाऱ्यानं म्हणणं न ऐकता केलेल्या आदेशाला आव्हान देताना वकील पहिल्यांदा हेच तत्त्व पुढे करतात. तुम्हाला कारणे दाखवा नोटीस आली असेल तर लेखी उत्तर द्याच, पोच घ्याच. ऐकून घेतलं नाही ही तक्रार, उत्तरच न देणाऱ्याच्या तोंडी टिकत नाही.

पोटात राहिलेला टॉवेल

'रेस इप्सा लोक्विटर', घडलेली गोष्टच बोलते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाईंची बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. दुखणं थांबेना, पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल निघाला. त्या वाचल्या नाहीत. कुटुंबानं दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये भरपाई दिली, हायकोर्टानं तो निकाल फिरवला, आणि १९९६ साली, घटनेनंतर ३३ वर्षांनी, सुप्रीम कोर्टानं अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात भरपाई पुन्हा कायम केली.

एरवी निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं तक्रार करणाऱ्यावर असतं. पण बेशुद्ध पेशंटच्या नातेवाइकांनी ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाचा हात चुकला हे कसं सांगायचं? कुणी चूक केल्याशिवाय टॉवेल पोटात राहूच शकत नसेल, तर स्पष्टीकरण रुग्णालयानं द्यायचं, असं हे तत्त्व म्हणतं. उपचार यशस्वी झाला नाही म्हणजे हे तत्त्व लागलंच असं नाही. गुण न येणं आणि टॉवेल राहणं यात फरक आहे, आणि कोर्ट तो कसोशीनं करतं.

हेबिअस कॉर्पस आणि १९७६ ची जखम

बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात ती याचिका हीच. कुणी बेकायदा डांबून ठेवलेलं असेल, पोलिसांनी किंवा खासगी माणसानं, तर त्याला कोर्टासमोर उभं करा, असा आदेश. ती स्वतः बंदिवानानंच करायला हवी असं नाही. आई, बायको, मित्र, कुणीही करू शकतं. एरवी कोर्टात जाणाऱ्याला 'लोकस स्टँडाय', म्हणजे या प्रकरणात बोलायचा अधिकार, दाखवावा लागतो, पण कोंडलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा कशी करणार? घर सोडून लग्न केलेल्या मुलीच्या वडिलांनीही बऱ्याचदा ही याचिका केलेली असते. तिथे मुलगी सज्ञान असेल तर कोर्ट तिलाच विचारतं, कुठे जायचंय, आणि ती सांगेल ते ऐकतं.

या शब्दांची खरी किंमत आणीबाणीत कळली. मिसा या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली पकडलेल्यांच्या याचिका ऐकता येतात, असं मुंबईसह नऊ हायकोर्टांनी ठरवलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं ते उलटवलं: आणीबाणीत हा दरवाजा बंद. एकट्या न्या. हंसराज खन्नांनी विरोधी मत लिहिलं. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. बहुमतात आपले न्या. यशवंत चंद्रचूडही होते. ज्यांनी पुढे १९८५ मध्ये फूटपाथवाल्यांचा निकाल लिहिला तेच. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीतही जगण्याच्या हक्काची दाद बंद करता येणार नाही अशी तजवीज झाली. आणि २०१७ मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, तो १९७६ चा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरवणारं निकालपत्र लिहिलं ते यशवंत चंद्रचूडांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. चुकीचा निकालसुद्धा ४१ वर्षं पुस्तकात उभा राहू शकतो, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

बाकीचे आदेश थोडक्यात. 'मँडॅमस': अधिकाऱ्याला त्याचं कायदेशीर कर्तव्य करायला लावणारा. 'सर्शिओराराय': खालच्या न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा चुकीचा आदेश रद्द करणारा. 'प्रोहिबिशन': अधिकार नसताना चालवलेलं काम थांबवणारा. 'क्वो वॉरंटो': या सार्वजनिक पदावर कोणत्या अधिकारानं बसलात, असं विचारणारा. हे सगळे हायकोर्टातून मिळतात. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे तिथल्या माणसाची मुंबईची वारी वाचली. 'सुओ मोटो' म्हणजे कुणी याचिका न करताच, एखादी बातमी किंवा पत्र वाचून, कोर्टानं स्वतःहून हात घातलेलं प्रकरण. तिथे बाजू मांडायला याचिकाकर्ता नसतो, म्हणून कोर्ट एखाद्या वकिलाला 'अमायकस क्युरी', न्यायमित्र, नेमतं. तो कुठल्याच पक्षाचा नसतो. कोर्टाला मदत करणं हेच त्याचं काम.

मग सगळं मराठीतच का नको?

हा प्रश्न रास्त आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा महाराष्ट्रात १९९८ पासून मराठी आहे, पण हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं काम अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतं. संविधानाच्या मराठी आवृत्तीत सर्शिओरारायला 'प्राकर्षण' असा शब्द आहे. तो वाचून पक्षकाराला जास्त कळेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. इंग्लंडनं १९९९ साली दिवाणी नियम नव्यानं केले तेव्हा एक्स पार्टेच्या जागी साध्या इंग्रजीत 'सूचना न देता' असं लिहायला सुरुवात केली. आपल्यालाही तोच मार्ग घेता येईल: आदेशाखाली चार ओळींत, घरच्या मराठीत, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत. गोव्यात तर लॅटिनच्या शेजारी पोर्तुगीजही आहे. तिथे वारसाच्या वाटपाला अजून 'इन्व्हेंटरी' प्रक्रिया म्हणतात, आणि इस्टेटीचा अर्धा भाग वारसांसाठी राखीव असल्यानं मृत्युपत्रानं तो हवा तसा देता येत नाही. तिथल्या माणसाला या शब्दांचा अर्थ न कळणं किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

'वकील दिलाय की, मला कशाला?'

वकिलाला कायदा माहीत असतो, पण नोटीस कोणत्या दिवशी आली, कुणी घेतली, जमिनीत आज कुणाचं पीक उभं आहे, हे तुम्हालाच माहीत असतं. आणि कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही. वकिलांकडून निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: आजचा आदेश काय, पुढची तारीख कोणती, आणि मुदत कशाची चालू आहे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाकला की तारखा आणि आदेश मोबाइलवर दिसतात.

निकाल विरुद्ध गेला तर सही-शिक्क्याच्या नकलेसाठी लगेच अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. पण ते मोजले जातात अर्ज दिल्याच्या तारखेपासून. अर्ज टाकण्याआधी घरी विचार करण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.